संत्र्याचा रस कडू का होतो, आणि उन्हाळी सरबतांचे आणखी काही प्रश्न

होळी पेटली की नागपुरात कूलरच्या ताट्या बदलायची घाई सुरू होते आणि आमच्याकडे सरबतांची पत्रं येऊ लागतात. यंदाच्या पत्रांत एक तक्रार पुन्हा पुन्हा आहे: सरबत कडू झालं. कुणाचं संत्र्याचं, कुणाचं कैरीचं, कुणाचं बेलाचं. फळं वेगळी असली तरी कारणं एकमेकांना लागून आहेत. बी, साल किंवा आच, यांपैकी काहीतरी नको तिथे रसात शिरलेलं असतं. म्हणून या वेळी सगळी पत्रं एकत्र घेतली आहेत. सुरुवात अर्थातच संत्र्यापासून.

प्रश्न : सकाळी संत्र्याचा रस काढला तेव्हा चांगला गोड होता. झाकून फ्रिजमध्ये ठेवला आणि संध्याकाळी पाहुण्यांना दिला तर कडूजहर. मागे एकदा रस उकळून सिरप केलं होतं, तेव्हाही हेच झालं. संत्री कळमन्याहून आणलेली, खायला उत्तम होती. चूक कुठे होते?
– एक वाचक, वर्धमाननगर

उत्तर : संत्री चांगलीच होती. चूक रस काढण्याच्या पद्धतीत आहे. फाकीवरचा पापुद्रा, फळाच्या मधला पांढरा दांडा आणि बिया यांत एक घटक असतो, त्याला स्वतःची चव नसते. फळ अखंड आहे तोवर हा घटक आंबट रसापासून वेगळा राहतो. फाक चिरडली की दोघांची गाठ पडते आणि रसातल्या आम्लामुळे त्या घटकाचं हळूहळू लिमोनिन बनतं. ते कडू. दहा लाख भागांत सहाएक भाग इतकं असलं तरी जिभेला कळतं. हा बदल व्हायला काही तास लागतात, म्हणून सकाळचा रस गोड आणि संध्याकाळचा कडू. आच दिली तर तेच काम पाहता पाहता होतं. तुमच्या दोन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे. शिवाय बियांत लिमोनिन आधीपासून असतंच. मिक्सरच्या पात्याने बी फुटली की ते थेट रसात येतं.

एकदा कडू झालेला रस घरी दुरुस्त करता येत नाही. साखर वाढवली तर कडवटपणा थोडा झाकला जातो, इतकंच. त्यामुळे आधीच काळजी घ्यायची.

संत्रं सोलून पांढऱ्या दोऱ्या जमेल तितक्या काढा. फाकी सुट्या करा. प्रत्येक फाकीची सरळ कड, जी मधल्या दांड्याला चिकटलेली असते, ती स्वच्छ कात्रीने पातळ कापा. बिया तिथेच असतात, बोटाने दाबल्या की बाहेर येतात. आता फाक पुस्तकासारखी उघडा, गर चाळणीत टाका आणि वाटीच्या बुडाने वरून दाबा. घासायचं नाही, फक्त दाबायचं. चाळणीत उरलेला चोथा पुन्हा पिळायचा मोह होतो. शेवटचा तो पाव कप रसच सगळ्यात जास्त कडवटपणा घेऊन येतो, तो सोडून द्या.

मिक्सर वापरायचाच असेल तर बिया काढलेल्या फाकी घ्या, दोनदा क्षणभर फिरवा आणि लगेच गाळा. मोसंबीसारखं संत्रं आडवं कापून रवीसारख्या गोल यंत्रावर फिरवू नका. नागपुरी संत्र्याची साल सैल असते, ती फळाबरोबर फिरते, फाटते आणि आतला पांढरा भाग रसात घासला जातो.

फळ किती पिकलं आहे यावरही बरंच अवलंबून आहे. कच्च्या फळात कडवटपणा आणणारा घटक जास्त, पूर्ण पिकलेल्यात कमी. ऑक्टोबरपासून सुरू होणाऱ्या आंबिया बहाराच्या पहिल्या, हिरवट संत्र्यांचा रस म्हणूनच लवकर बिघडतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये येणारं मृग बहाराचं पिकलेलं फळ रसासाठी कितीतरी चांगलं. घेताना हातात तोलून बघा. आकाराच्या मानाने जड लागलं पाहिजे. साल फुगून फाकींपासून सुटलेली असेल, दाबल्यावर पोकळ लागत असेल, तर आत रस कमी आणि चोथा जास्त. अमरावती रोडवरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेने नागपुरी संत्र्याचे बिनबियांचे वाणही शोधले आहेत. तसं फळ मिळालं तर अर्धं काम वाचतं, पण पापुद्र्याची काळजी तरीही घ्यावीच लागते.

प्रश्न : एप्रिल-मे मध्ये खरी तहान लागते तेव्हा बाजारात चांगली संत्री नसतात. मार्चमध्ये स्क्वॅश करून ठेवायचा आहे. मापं नेमकी सांगा.
– एक वाचक, काटोल

उत्तर : तुम्ही तर संत्र्याच्या पट्ट्यातच राहता, फळ थेट बागेतून घ्या. संत्र्याचं सरबत उन्हाळ्यात प्यायचं असलं तरी त्याची तयारी फाल्गुनातच उरकावी लागते. नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याची कीर्ती जगभर गेली, पण ऐन नवतपात, मेअखेरच्या त्या होरपळत्या नऊ दिवसांत, आपल्याच घरात त्याचा थेंब नसतो. ही चार बाटल्यांची मेहनत त्यासाठी करावी असं आम्हाला मनापासून वाटतं.

एक लिटर गाळलेल्या रसासाठी साधारण अडीच किलो संत्री लागतात. वर सांगितल्याप्रमाणे कात्रीने फाकी उघडून रस काढणार असाल तर तीन किलो आणा.

रस १ लिटर, साखर १ किलो ६०० ग्रॅम, पाणी ९०० मिली, सायट्रिक ॲसिड (किराण्यात लिंबूफूल म्हणून मिळतं ते) ३० ग्रॅम, पोटॅशियम मेटाबायसल्फाइट २ ग्रॅम. शेवटच्या वस्तूला दुकानदार केएमएस म्हणतात.

आधी पाक करा, रस नंतर काढा. हा क्रम उलटा झाला तर पाक गार होईपर्यंत रस दोन तास नुसता पडून राहतो आणि वर सांगितलेला कडवटपणा सुरू होतो. स्टीलच्या गंजात (पातेल्यात) साखर, पाणी आणि सायट्रिक ॲसिड घालून मंद आचेवर ढवळा. साखर विरघळून एक उकळी आली की बंद. तार काढायची नाही. वर करडी मळी येते ती झाऱ्याने काढा आणि पाक दुहेरी मलमलीतून गाळा. तो पूर्ण गार झाला पाहिजे. गंजाच्या बुडाला हात लावून बघा, बाजूचा ओटा लागतो तसाच लागला पाहिजे. उन्हाळी दुपारी याला तीन तासही लागतात, म्हणून गंज परातीतल्या थंड पाण्यात ठेवा.

आता रस काढून, गाळून लगेच पाकात घाला. साखर पडली की चव बरीच सांभाळली जाते. वास हवा असेल तर दोन संत्री धुऊन, पुसून, किसणीवर फक्त केशरी भाग हलक्या हाताने किसा, चमचाभर पुरे. पांढरं लागलं की थांबा.

सगळ्यात शेवटी केएमएस. ते सोनाराच्या किंवा छोट्या डिजिटल काट्यावर मोजा. चमच्याचा अंदाज इथे चालत नाही, कारण अर्धा चमचा भरला की सहज तीन ग्रॅमच्या आसपास जातं. चार चमचे कोमट पाण्यात विरघळवून स्क्वॅशमध्ये ओता आणि दोन मिनिटं ढवळा. त्याचा वायू नाकात झोंबतो, म्हणून तोंड बाजूला ठेवा. पाक गरम असताना घातलं तर तो वायू उडून जातो आणि बाटली राखायला काहीच उरत नाही.

यातून साधारण पावणेतीन लिटर स्क्वॅश होतो, म्हणजे ७५० मिलीच्या चार काचेच्या बाटल्या. त्या आधी वीस मिनिटं पाण्यात उकळून, पालथ्या घालून कोरड्या केलेल्या हव्यात. भरताना गळ्याशी इंचभर जागा सोडा. झाकण आतून प्लॅस्टिकचं अस्तर असलेलं घ्या, उघड्या पत्र्याला हे मिश्रण खातं. काही दिवसांनी गर वर येऊन खाली निवळ दिसेल. ते बिघडणं नव्हे, बाटली हलवून घ्यायची. एक भाग स्क्वॅशला तीन ते चार भाग थंड पाणी हे प्रमाण जिभेला बरोबर बसतं.

प्रश्न : केएमएस घालायची भीती वाटते. मागच्या वर्षी ते वगळलं आणि तब्येतीसाठी साखरही निम्मी केली. आठवड्यात बाटलीचं झाकण फुगलं, उघडल्यावर फेस आला आणि आंबूस वास. रसायनाशिवाय टिकवायचा मार्ग नाहीच का?
– एक वाचक, हुडकेश्वर

उत्तर : आहे, पण आधी काय झालं ते समजून घेऊ. खूप लोकांचा समज असतो की साखर आहे म्हणजे टिकेल. साखर स्वतःच्या बळावर तेव्हाच राखते, जेव्हा ती वजनाच्या ६५ टक्क्यांच्या पुढे असते, जसं जॅममध्ये किंवा घट्ट सिरपमध्ये. स्क्वॅशमध्ये ती पन्नास टक्क्यांच्या आतबाहेर असते. तेवढी यीस्टला मारत नाही. तुम्ही ती निम्मी केली, म्हणजे यीस्टला मेजवानीच. साखरेचा वायू आणि मद्य होतं, तोच तो फेस. असा स्क्वॅश ओतून द्या. अशी फुगलेली काचेची बाटली उघडताना मात्र जाड फडक्यात गुंडाळून, मोरीत धरून, झाकण हळूहळू सैल करा. आतल्या दाबाने काच फुटू शकते.

केएमएसबद्दल : स्क्वॅशमध्ये त्याच्या वायूची कायद्याने ठरलेली कमाल मात्रा दहा लाख भागांत ३५० भाग आहे. वर दिलेल्या मापात आपण तिच्या आत राहतो, आणि पिताना पाणी घातल्यावर प्रमाण चौथ्या-पाचव्या हिश्श्यावर येतं. पण घरात दमेकरी असेल तर मात्र ते टाळा. काही दमेकऱ्यांना सल्फाइटने धाप लागते.

टाळायचं असेल तर सरळ फ्रीझर. केएमएस न घालता तोच स्क्वॅश लहान डब्यांत भरून गोठवा. इतक्या साखरेमुळे तो दगडासारखा गोठत नाही, मऊ राहतो, लागेल तेवढा चमच्याने काढता येतो. दोन महिने उत्तम राहतो. फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवणार असाल तर दहा दिवसांत संपवा. आणि साखर कमी हवी असेल तर ती ग्लासात कमी करा, स्क्वॅश कमी घालून. बाटलीत नको.

जांभूळ, कोकम, काळी द्राक्षं अशा रंगीत रसांत केएमएस घालू नका. रंग उडतो. तिथे सोडियम बेंझोएट वापरतात.

प्रश्न : पन्ह्यासाठी कैरी उकडावी की भाजावी? गूळ की साखर? आणि यंदा माझं पन्हं तुरट-कडू झालं, याचं कारण काय असेल?
– एक वाचक, महाल

उत्तर : शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी. दोन शक्यता. एक म्हणजे कैरी फार कोवळी होती. कोय अजून मऊ, पांढरी असते तेव्हा उकडताना तिचा तुरटपणा सगळ्या गरात उतरतो. सुरी टोचून बघावी, आत कडक लागलं तरच ती कैरी पन्ह्याची. दुसरी शक्यता चीक. देठ मोडल्यावर जो पारदर्शक चीक येतो तो सालीवर पसरला आणि तसाच उकडला तर घशाला ओरखडतो. देठाकडचा भाग पातळ कापून कैऱ्या तासभर पाण्यात पालथ्या ठेवा, ते पाणी टाका, पुन्हा धुवा.

उकडणं की भाजणं हा चवीचा प्रश्न आहे आणि आम्ही भाजलेल्याच्या बाजूचे आहोत. धुरकट वास असलेलं पन्हं, जिरं आणि पुदिन्याबरोबर, मे महिन्याच्या दुपारी दुसऱ्या कशालाही ऐकत नाही. गॅसवर जाळी ठेवून मध्यम आचेवर फिरवत भाजा, वांग्यासारखंच. साल सगळीकडून काळी पडून कैरी दाबल्यावर मऊ लागली की झालं, मध्यम कैरीला बारा-पंधरा मिनिटं. झाकून दहा मिनिटं ठेवा, साल सुटते. सोलताना नळाखाली धरू नका, धुराची चव पाण्याबरोबर जाते. ओल्या हाताने पुसत सोला. काळे कण मात्र एकही ठेवायचा नाही, तेच कडू लागतात.

उकडायची असेल तर कुकरच्या तळाला पाणी, कैऱ्या वरच्या डब्यात बिनपाण्याच्या, तीन शिट्या. पाण्यात बुडवून उकडली तर साल फुटते आणि आंबटपणा पाण्यात जातो. तसं झालंच तर ते पाणी फेकू नका, पन्हं पातळ करायला तेच वापरा.

माप असं : अर्धा किलो कैरीतून साधारण ३०० ग्रॅम गर निघतो. त्याला ४०० ग्रॅम गूळ, एक सपाट चमचा मीठ, अर्धा चमचा वेलदोड्याची पूड, दीड चमचा भाजलेल्या जिऱ्याची पूड. गावरान आंबट कैरी असेल तर गूळ ४५० पर्यंत. भाजलेल्या पन्ह्यात वेलदोडा नको, त्याऐवजी काळं मीठ आणि वाटलेला पुदिना. गुळात खडे, काडीकचरा असतो, म्हणून तो पाऊण वाटी गरम पाण्यात विरघळवून गाळा आणि गार झाल्यावर गरात मिसळा. गरासकट आटवत बसू नका, रंग काळपट होतो आणि कैरीचा ताजा वास मरतो. साखरेने रंग स्वच्छ येतो, चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला केशर घालून करायचं असेल तर साखर बरी. रोजच्यासाठी गूळ.

पूर्ण ग्लासाला दोन-अडीच मोठे चमचे, म्हणजे पन्नास ग्रॅमच्या आसपास, हा गोळा आणि २०० मिली पाणी. चौदा ग्लास होतात. गोळा काचेच्या बरणीत फ्रिजमध्ये आठ-दहा दिवस राहतो, दर वेळी कोरडा चमचा घालायचा. पितळेच्या भांड्यात करायचं तर आतली कल्हई धड आहे ना ते आधी बघा. आंबट पदार्थ उघड्या पितळेला खातो आणि मळमळ होते.

प्रश्न : बेलाचं सरबत मिक्सरमध्ये केलं तर चिकट आणि कडवट झालं. आजी करायची ते तसं नसे.
– एक वाचक, रामटेक

उत्तर : आजी हाताने कुस्करत असणार. बेलाच्या गरात बिया असतात आणि प्रत्येक बीभोवती पारदर्शक डिंकासारखी पिशवी. मिक्सरने बी फुटते तेव्हा कडवटपणा येतो, पिशवी फुटते तेव्हा चिकटपणा. त्यामुळे बेलाला पातं लावायचंच नाही.

फळ पिवळसर, देठापासून आपसूक सुटलेलं आणि कवचाबाहेरूनही वास येणारं घ्या. ओट्याच्या कडेवर आपटून फोडा. चमच्याने गर काढा. मध्यम फळातून ४०० ग्रॅमच्या आसपास निघतो. त्यात ८०० मिली गार पाणी घालून दोन तास ठेवा. गर आपोआप मऊ होऊन पाण्यात उतरतो. मग बोटांनी हलकेच कुस्करा, मूठ आवळून पिळू नका. पोह्याच्या चाळणीने गाळा, कारण चहाच्या गाळणीची भोकं लगेच बुजतात आणि मग माणूस चमच्याने घासू लागतो, तिथेच बिया फुटतात. ८० ते १०० ग्रॅम गूळ, चिमूट मीठ आणि अर्ध्या लिंबाचा रस. पाच ग्लास होतात. उकळायचं नाही, वास जातो. रात्रभर ठेवलं तर खळीसारखं घट्ट होतं, तेव्हा केलं त्या दिवशीच संपवा.

प्रश्न : टरबुजाचा रस लगेच फाटल्यासारखा का दिसतो? खाली पाणी, वर लाल चोथा.
– एक वाचक, सदर

उत्तर : तो फाटत नाही, नुसता निवळतो. टरबुजाचा गर जवळजवळ पाणीच असतो, चोथा धरून ठेवील असं त्यात फारसं काही नसतं. पिण्यापूर्वी ढवळा, बास. एक किलो गराला एक लिंबू पिळा, चव उठते. साखर घालू नका, मीठ ग्लासात घाला. टरबुजाला आंबटपणा फार कमी, म्हणून त्यात जंतू झपाट्याने वाढतात. बेचाळीस अंशांत हा रस तासाभरापेक्षा जास्त बाहेर ठेवायचा नाही. रस्त्यावरच्या कापून ठेवलेल्या फोडींपासून रस करू नका, अख्खं फळ धुऊन मगच कापा.

प्रश्न : लिंबाचं सरबत सकाळी करून ठेवलं तर दुपारी कडू लागतं. हेही संत्र्यासारखंच का?
– एक वाचक, धंतोली

उत्तर : हो, तेच. त्यात लिंबू पूर्ण चेपून पिळलं की सालीचं तेलही उतरतं. पाक, मीठ, पाणी सकाळी तयार ठेवा, लिंबू पितेवेळी पिळा, बी वगळून. एका ग्लासाला अर्धं मोठं कागदी लिंबू आणि चार छोटे चमचे साखर. भिजवलेला सब्जा घालायचा तर छोटा चमचा सब्जा अर्धी वाटी पाण्यात पंधरा मिनिटं आधी.

प्रश्न : मुलगा उन्हातून सायकलवर घरी येतो. पन्हं दिलं की ऊन लागत नाही असं सासूबाई म्हणतात. ते पुरेसं आहे का? जुलाब झाले तर पन्हंच द्यावं का?
– एक वाचक, नंदनवन

उत्तर : सासूबाईंचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. घामातून पाणी आणि मीठ दोन्ही जातं. पन्ह्यात पाणी, मीठ, गूळ आहे, शिवाय आंबट-गोड असल्याने मुलं आवडीने दोन ग्लास पितात, हा त्याचा मोठा गुण. घरातून निघण्यापूर्वी एक ग्लास आणि आल्यावर दहा मिनिटं सावलीत बसून दुसरा, ही सवय चांगली. पण भर दुपारच्या उन्हात डोक्यावर रुमाल न बांधता फिरायचं बळ कुठलंही सरबत देत नाही. खिशातला कांदाही नाही.

जुलाब-उलट्यांत पन्हं, स्क्वॅश, रस देऊ नका. जास्त साखर आतड्यात पाणी ओढते आणि जुलाब वाढतात. तेव्हा ओआरएसचं पाकीट, त्यावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यात. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट छोटे चमचे साखर, अर्धा सपाट छोटा चमचा मीठ. मीठ जास्त पडलं तर लहान मुलाला अपाय होतो, म्हणून चमच्यावर बोट फिरवून सपाट करा. चव अश्रूंपेक्षा खारट नको.

माणूस असंबद्ध बोलू लागला, अंग तापून चटका बसतो आहे, शुद्ध हरपते आहे असं दिसलं तर तोंडाने काहीही पाजू नका. सावलीत आडवं करा, कपडे सैल करा, अंगावर पाणी शिंपडून वारा घाला आणि ताबडतोब दवाखान्यात न्या. १०८ ला फोन लावा. तिथे एक मिनिटही सरबत करण्यात घालवायचं नसतं.

प्रश्न : घरात मधुमेह आहे. वडिलांना सगळे पितात तेव्हा नुसतं पाणी द्यायचं जिवावर येतं.
– एक वाचक, त्रिमूर्तीनगर

उत्तर : वर दिलेल्या मापाच्या पन्ह्याच्या एका ग्लासात अठ्ठावीस ग्रॅमच्या आसपास गूळ जातो. गूळ साखरेपेक्षा सुरक्षित, हा समज चुकीचा आहे, रक्तातली साखर दोन्ही चढवतात. संत्र्याचा बिनसाखरेचा एक ग्लास रसही साखरेचाच. त्यापेक्षा त्यांना संत्र्याच्या चार फाकी चावून खाऊ द्या. सरबत म्हणून : भाजलेल्या कैरीचा एक मोठा चमचा बिनगुळाचा गर, २०० मिली पाणी, जिरं, पुदिना, चिमूट काळं मीठ. हे आंबट-खारट पाणी खरोखर चविष्ट लागतं, आणि बाकीचेही तेच पितील. किंवा पातळ ताक. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर मीठ किती चालेल ते डॉक्टरांना विचारून ठरवा.

प्रश्न : बर्फ टाकावा की माठाचं पाणी? आणि माठात वाळा किती टाकायचा?
– एक वाचक, जरीपटका

उत्तर : माठ. बर्फ वितळत जातो तसं सरबत पाणचट होतं, आणि फार गार पदार्थात जिभेला गोडी कमी कळते, म्हणून आपण साखर वाढवतो. बर्फ घालायचाच तर घरी प्यायच्या पाण्याचा गोठवलेला. बाजारातला निळसर झाक असलेला बर्फ माल थंड ठेवण्यासाठी असतो, पोटात घ्यायचा नसतो. पांढरा असला तरी तो कुठल्या पाण्याचा, हे कळल्याशिवाय नको.

दहा लिटरच्या माठाला वाळ्याची मूठभर जुडी पुरे. आधी माती जाईपर्यंत तीन-चार पाण्यांत धुवा, उन्हात वाळवा, मलमलीच्या पुरचुंडीत बांधून सोडा. तीन दिवसांनी काढून पुन्हा वाळवा. जुडी दोन-तीनदा अशी वापरता येते, नंतर वास मंदावतो आणि मुळं बुळबुळीत लागू लागतात, तेव्हा टाकून द्या. कूलरच्या ताटीतून निघालेला वाळा माठात वापरू नका, त्यात धूळ आणि बुरशी दोन्ही असतात. माठ दर दोन दिवसांनी रिकामा करून नारळाच्या शेंडीने आतून घासा, साबण लावू नका. माती साबण शोषते आणि पुढचे चार दिवस पाण्याला तोच वास येत राहतो. माठ जमिनीवर न ठेवता तिवईवर, वारा लागेल अशा जागी ठेवा. बाहेरून पाझरलेलं पाणी वाऱ्याने वाळतं तेव्हाच आतलं गार होतं. जुन्या माठाची छिद्रं क्षारांनी बुजतात. बाहेरून कोरडा ठणठणीत दिसणारा माठ पाणी गार करायचं थांबला आहे, असं समजून नवा आणा.